सतरा पॉइंटांची ओळ

बारा पॉइंटचा ‘क’ छापा आणि त्यावर पट्टी ठेवा. बारा पॉइंट म्हणजे ४.२३ मिलिमीटर, कारण एका इंचात ७२ पॉइंट बसतात. पट्टीवर मात्र शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत जेमतेम अडीच मिलिमीटर भरतात, फॉन्टागणिक थोडे कमी-जास्त. उरलेलं माप कुठे गेलं? ते अक्षराच्या वर आणि खाली आहे, डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत. शिशाच्या खिळ्याच्या, म्हणजे धातूत ओतलेल्या सुट्या अक्षराच्या, काळात ही जागा हाताला लागायची. खिळ्याचा ठोकळा बारा पॉइंट उंच असायचा आणि अक्षर त्याच्या माथ्यावर मधोमध ओतलेलं. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर मावायला हवेत आणि उकार, ऋकार खाली, म्हणून मुख्य अक्षराच्या वाट्याला ठोकळ्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग यायचा. ठोकळा गेला, पण माप त्याचंच राहिलं. संगणकात आपण आजही अक्षर मोजत नाही, त्याभोवतीची अदृश्य चौकट मोजतो.

म्हणूनच ‘मजकूर बारा पॉइंटमध्ये द्यावा’ या सूचनेतून काहीच ठरत नाही. विंडोजमधला मंगल आणि विंडोजमधलाच कोकिळा, दोन्ही बारावर ठेवून एकाखाली एक छापून पाहा. कोकिळा इतका बारीक दिसतो की पाहणाऱ्याला तो नऊचा वाटेल. माप देताना फॉन्टचं नाव सोबत दिलंच पाहिजे, आणि खरं तर ओळीचं मापही. छापखान्याच्या भाषेत हे ‘बारावर सतरा’ असं एका दमात सांगतात: अक्षर बाराचं, आणि एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचं अंतर सतरा पॉइंट. या दुसऱ्या आकड्याला लेडिंग म्हणतात. पुस्तक असो, स्मरणिका असो की सोसायटीचा वार्षिक अहवाल, पानाचं सगळं गणित या दुसऱ्या आकड्यावर उभं राहतं. आणि बहुतेक लोक विचार करतात तो पहिल्याचा, किंवा त्याहून आधी ‘छानसा फॉन्ट’ शोधण्याचा.

इंग्रजी मजकूर बारावर साडेचौदा लावला तरी सुखाने वाचता येतो. देवनागरीला ते पुरत नाही. ‘शत्रू’, ‘राष्ट्रकूट’, ‘हृदय’ हे शब्द वरच्या ओळीत आले आणि त्यांच्या बरोबर खाली ‘मूर्तींना’, ‘कर्त्यांनी’, ‘विद्यार्थ्यांचे’ आले, की वरचा उकार आणि खालचा रफार एकमेकांत घुसतात. कर्त्यांनी-मधला अनुस्वार आणि रफार तर आधीच शेजारी शेजारी दाटीने बसलेले असतात. वरून उकाराचं शेपूट आलं तर अनुस्वार दिसेनासा होतो आणि मुद्रितशोधकही फसतो. मजकुराच्या फॉन्टला साधारण १.४ पट लेडिंग द्यावं, म्हणजे बारावर सतरा किंवा तेरावर अठरा. लहान मुलांच्या पुस्तकात दीडपट, दोनपटही चालतं. वर्तमानपत्रांत जागेसाठी याहून घट्ट लावतात, पण तिथला स्तंभ अरुंद असतो आणि डोळ्याला ओळ चुकायला वावच नसतो. तोच घट्टपणा पुस्तकाच्या रुंद पानावर आणला की वाचणारा पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचायला लागतो.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. ‘सिंगल’, ‘१.५’, ‘डबल’ हे पर्याय पॉइंटमध्ये बोलत नाहीत. ‘सिंगल’ म्हणजे त्या फॉन्टच्या कर्त्याने फॉन्टच्या पोटात लिहून ठेवलेली वरची आणि खालची उंची. मंगलमध्ये ही उंची ऐसपैस आहे, त्यामुळे त्याची एकेरी ओळही सैल दिसते. दुसऱ्या फॉन्टमध्ये ती कंजूष असते. तिची दीडपट म्हणजे अज्ञात आकड्याची दीडपट. त्यातून परिच्छेदात एक इंग्रजी शब्द आला आणि तो वेगळ्या फॉन्टमध्ये असला, तर तेवढीच ओळ खाली सरकते आणि पानावर एक पायरी दिसते. यावर उपाय म्हणजे परिच्छेदाच्या खिडकीत लाइन स्पेसिंगला ‘एक्झॅक्टली’ निवडून १७ पॉइंट लिहिणे. याचे दोन उपद्रव माहीत असलेले बरे. पडद्यावर कधी कधी पहिल्या ओळीच्या मात्रांची टोकं कापलेली दिसतात. छापून किंवा पीडीएफ करून पाहिल्याशिवाय घाबरू नये, पण तिथेही कापलेली असतील तर आकडा खरंच कमी आहे. दुसरं, अशा परिच्छेदात चित्र टाकलं तर चित्राची फक्त सतरा पॉइंट उंचीची पट्टी दिसते आणि बाकीचं गायब होतं. चित्राच्या परिच्छेदापुरतं स्पेसिंग पुन्हा ‘सिंगल’ करायचं, की चित्र परत येतं.

वर्डचा आणखी एक छळ आहे. मजकूर निवडून माप १२ चं १४ केलं तरी मराठी अक्षर कधी कधी ढिम्म हलत नाही. कारण वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आहे आणि फॉन्टच्या खिडकीत तिचा फॉन्ट, तिचं वजन, तिचं माप यांचा वेगळा रकाना असतो. वर लॅटिनचा, खाली हा. टाइम्स न्यू रोमन निवडून मराठी टाइप केली तर टाइम्समध्ये देवनागरी नाहीच, म्हणून वर्ड मुकाट्याने दुसरा फॉन्ट लावतो. वरच्या पट्टीवर नाव एक दिसतं आणि कागदावर दुसराच असतो. वर्डसारख्याच लिब्रेऑफिसमध्येही हाच प्रकार ‘सीटीएल’ (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) नावाने आहे. एकदाच ‘नॉर्मल’ शैलीत दोन्ही रकाने नीट भरून ठेवले, की पानापानावर झगडावं लागत नाही. शैली न वापरता दोनशे पानं हाताने सजवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण ती मर्यादित आहे.

आता पान. मराठीत कथा-कादंबऱ्यांचा सर्वांत रुळलेला आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. हा आकार कोणाच्या आवडीने ठरलेला नाही. कागदाचा ताव २३ बाय ३६ इंच येतो, त्याचे दोन केले की १८ बाय २३. त्याच्या एका बाजूवर चार आडवी, दोन उभी अशी आठ पानं बसतात, प्रत्येकी पावणेसहा बाय नऊ. दोन्ही बाजू मिळून सोळा पानं. हा एक फर्मा. घडी घातल्यावर बांधणीत आणि कटिंगमध्ये पाव इंच आणि अर्धा इंच जातो, की उरतं साडेपाच बाय साडेआठ. क्राउन आकार २० बाय ३० च्या तावातून असाच निघतो. ए-चार हा कार्यालयाचा आकार आहे. त्यावर पुस्तक काढायला गेलात तर ताव वाया जातो आणि छापखानावाला दर वाढवून सांगतो. त्यात त्याची लबाडी नसते.

या आकारावर सतरा पॉइंट लावून बघू. पानाची उंची साडेआठ इंच म्हणजे ६१२ पॉइंट. वर ५४ आणि खाली, पान क्रमांकासह, ६३ सोडले तर ४९५ उरतात. त्यात सतराच्या २९ ओळी बसतात. रुंदी ३९६ पॉइंट. आत ५८ आणि बाहेर ५० सोडले की ओळ २८८ पॉइंटची, म्हणजे चार इंचांची. बाराच्या अक्षरात अशा ओळीत मराठीचे नऊ-दहा शब्द येतात. नऊ धरा, कारण परिच्छेद संपताना ओळी अर्ध्या राहतात. पानावर २६१ शब्द. साठ हजार शब्दांचं हस्तलिखित असेल तर २३० पानं, त्यात शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रम यांची आठ. झाली २३८. पंधरा फर्म्यांची होतात २४०. दोन कोरी पानं शेवटी, आणि काम बसलं.

आता कोणी म्हणालं, ‘जरा मोकळं करा, अठरा घ्या.’ ४९५ मध्ये अठराच्या २७ ओळी बसतात. पानावर २४३ शब्द, एकूण २४७ पानं, वर आठ, म्हणजे २५५. सोळा फर्मे. एका पॉइंटने एक फर्मा वाढला: त्याचा कागद, त्याच्या प्लेटा, त्याची छपाई. उलट कोणी काटकसरीने सोळा घेतले तर ३० ओळी, २७० शब्द, २२३ पानं आणि आठ, एकूण २३१. फर्मे पुन्हा पंधराच. ओळी आवळल्या, वाचणाऱ्याचे डोळे शिणवले आणि एक पैसा वाचला नाही. हा हिशेब फॉन्ट निवडण्याआधी पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि तो न केल्यामुळे पुस्तकं शेवटच्या आठवड्यात घुसमटतात. (प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, त्यातही उजव्या पानावर सुरू करायचं असेल तर प्रकरणामागे सरासरी एक पान जास्त धरा.)

समासांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: आतला समास बांधणी खाते. गम लावून केलेल्या बांधणीत पाठीची बाजू सुमारे तीन मिलिमीटर खरवडतात, कारण गमाला धरायला खरबरीत कड लागते. ती पावणेसहाच्या साडेपाचमध्ये आधीच मोजलेली असते. पण पुस्तक उघडल्यावर जो भाग दरीत बुडतो तो मोजलेला नसतो. जाड पुस्तकात तर दहा-बारा मिलिमीटर असे बुडतात. बाजूने पिन मारलेली पुस्तिका याहून वाईट, ती उघडतच नाही. मधोमध पिन मारलेली पुस्तिका सपाट उघडते, तिथे आतला समास उलट कमी ठेवला तरी चालतो. मात्र तिची पानं चारच्या पटीत लागतात, आणि पन्नास-साठ पानांवर गेली की आतले कागद बाहेर सरकतात व कटिंगमध्ये मधल्या पानांचा बाहेरचा समास बारीक होतो. वर्डमध्ये पुस्तक करताना ‘मिरर मार्जिन्स’ लावलं नाही, तर डाव्या पानावर मोठा समास उलट्या बाजूला जातो. हे पडद्यावर अजिबात कळत नाही, कारण पडद्यावर पुस्तकाला दरी नसते.

ओळीच्या दोन्ही कडा सरळ करायच्या, म्हणजे जस्टिफाय करायचं, तर मराठी आपली एक वेगळी अडचण घेऊन येते. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘महानगरपालिकेच्या’, ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’ असे शब्द ओळीच्या शेवटी मावले नाहीत की अख्खे खाली उतरतात आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भोकं पडतात. अशा तीन-चार ओळी एकाखाली एक आल्या तर पानातून पांढरा ओढा वाहताना दिसतो. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची जुनी रीत होती: शब्द तोडायचा आणि संयोगचिन्ह द्यायचं, पण तोडायचा तो प्रत्ययाच्या किंवा शब्दयोगीच्या आधी. ‘विद्यार्थ्यां-बरोबरच्या’ शोभतं, ‘विद्या-र्थ्यांबरोबरच्या’ डोळ्यात खुपतं, आणि एकटं ‘ने’ किंवा ‘ला’ पुढच्या ओळीत टाकणं तर नाहीच. संगणक हे आपोआप करेल या भरवशावर राहू नये. स्तंभ तीन इंचांहून अरुंद असेल तर सरळ डावी कड जुळवावी आणि उजवी मोकळी सोडावी. आपल्याकडे उजवी कड वेडीवाकडी दिसली की काम अर्धवट वाटतं, ती सवयीची गोष्ट आहे.

जस्टिफाय करताना अक्षरांमधलं अंतर ताणण्याची मुभा सॉफ्टवेअरला कधीही देऊ नये. इंग्रजीत अक्षरं सुटीच असतात, थोडी लांब गेली तर कोणाच्या लक्षात येत नाही. देवनागरीत शिरोरेघ तुटते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवायचे आणि फक्त शब्दांमधली जागा कमी-जास्त होऊ द्यायची. मथळ्यातही कोणी ‘स्टायलिश दिसेल’ म्हणून अक्षरं फाकवतं, आणि मग शिरोरेघेचे तुकडे रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात. त्याच इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. फॉन्ट खराब आहे असं समजून लोक तीन फॉन्ट बदलतात, दोष मात्र कंपोझरचा असतो.

एवढं ठरल्यावर फॉन्टकडे यावं. मजकुरासाठी फॉन्ट तपासताना त्याच्या नमुनापानावरची सुंदर कविता पाहू नये. आपली परीक्षेची ओळ टाइप करावी. उदाहरणार्थ ही: ‘लाल शाल, ऱ्हास, वाऱ्यावर, तऱ्हा, ॲप, ऑफिस, वाङ्मय, उद्ध्वस्त, राष्ट्रीय, हृदय, शृंखला, मूर्तींना, कर्त्यांनी, दुःख, ५८९.’ हिच्यात प्रत्येक शब्द काहीतरी पकडायला ठेवलेला आहे. ‘लाल शाल’मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श येतो का, हे कळतं. बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचा, दंड असलेला ल देतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं पोटात असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवली तरच आपली बाहेर येतात. लिब्रेऑफिस आणि इनडिझाइनमध्ये ही भाषा परिच्छेद-शैलीतच लावून टाकावी. टिरो देवनागरी या फॉन्टचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे वेगळे अवतारच आहेत, त्यामुळे मराठीचा घेतला की प्रश्न मिटतो.

‘वाऱ्यावर’ आणि ‘ऱ्हास’ हे रफाराच्या अर्धचंद्रासाठी. हा चुकला तर अर्थ बदलतो: आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. हे रूप दोन प्रकारे टाइप होतं, एकतर खास ऱ-ने किंवा साध्या र-ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण ‘शोधा आणि बदला’ करताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. एका पुस्तकात दोन टंकलेखकांनी काम केलं असेल तर हे हमखास होतं. ‘ॲप’चंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक संकेतमालेत, २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर अ-वर चंद्र देऊन लिहिलेला असतो, आणि काही फॉन्ट त्या चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. ‘दुःख’मध्ये विसर्ग खरा आहे की घाईत मारलेला कोलन, हे जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही. आकड्यांमधले ५, ८ आणि ९ हे अंकही हिंदी आणि मराठी वळणात वेगळे असतात.

ठळक अक्षराचीही खातरी करून घ्यावी. टिरो मराठीत ठळक वजन नाहीच, फक्त साधं आणि तिरपं आहे. ‘बी’ दाबलं की संगणक त्याच अक्षराला बाहेरून थर चढवून खोटं ठळक बनवतो. शिरोरेघ फुगते, ‘ष’ आणि ‘क्ष’ची पोटं बुजतात, आणि शाई पसरणाऱ्या कागदावर त्यांचा डाग होतो. जिथे उपमथळे भरपूर आहेत अशा कामाला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त बरा, त्याची सात वजनं आहेत. पण त्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे. अडीचशे पानांच्या कादंबरीला मी जाड-बारीक रेघेचाच फॉन्ट घेईन. तिरप्या देवनागरीबद्दल दुमत असू शकतं. आपल्याकडे तिला जुनी परंपरा नाही, आणि पुस्तकाचं नाव किंवा परका शब्द दाखवायला एकेरी अवतरण पुरतं. मजकुरात रोमन शब्द येणारच असतील तर त्यांचं माप देवनागरीच्या ८५ ते ९० टक्के ठेवावं. नाहीतर बाराच्या देवनागरीत बाराची रोमन कॅपिटलं माना वर काढून बसतात.

या सगळ्या तक्रारी नव्या नाहीत. देवनागरीची खिळेपेटी म्हणजे शेकडो घरं, कारण प्रत्येक जोडाक्षराला, अर्ध्या अक्षराला स्वतंत्र खिळा. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे त्या छापखान्याच्या संस्कृत आणि मराठी ग्रंथांचं नाव झालं. ती पानं आज पाहिली तरी मात्रा-रफारांची एकमेकांशी टक्कर होताना दिसत नाही. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी बराच खटाटोप केला होता. पुढे टंकयंत्राने आणि यंत्रजुळणीने जोडाक्षरं आणखी तोडली. ‘द्ध’, ‘द्व’, ‘ह्म’ यांच्याऐवजी पाय मोडलेले द आणि ह आले. युनिकोडच्या फॉन्टमध्ये ही सगळी जोडाक्षरं पुन्हा मिळतात आणि त्यांची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. टंकयंत्रासाठी पाय मोडणं एक वेळ समजू शकतं, पुस्तकात ‘उद्‌ध्वस्त’ असा तुटका लावायचं कारण उरलेलं नाही.

अजूनही बरेच डीटीपी करणारे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मॅटर देतात. ते वाईट आहेत असं नाही. त्यातली काही वळणं देखणी आहेत आणि ऑपरेटरचा हात तिथे बसलेला आहे. पण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतात, रोमन संकेतांवर चढवलेली अक्षरचित्रं असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कचरा दिसतो. ई-बुक करायचं, मजकुरात शोधायचं, तर रूपांतर करावं लागतं, आणि रूपांतरात ठरलेल्या जागी गळती होते: रफार पुढच्या किंवा मागच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो, मधले इंग्रजी शब्द देवनागरी कचरा बनतात, आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. रूपांतरित मजकुराचं मुद्रितशोधन पहिल्यापासून करावं लागतं, ‘आधी एकदा झालंय’ हे इथे चालत नाही.

फाइल छापखान्यात द्यायची ती पीडीएफच. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर नेली तर तिथे फॉन्ट नसतो, दुसरा लागतो, ओळी सरकतात, आणि २४० पानांची २५१ होतात. पीडीएफ केल्यावर अक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं फॉन्टचं पान उघडून पाहावं. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ दिसलं पाहिजे, म्हणजे फॉन्ट फाइलच्या पोटातच आहे. कोरलड्रॉमध्ये केलेलं मुखपृष्ठ कर्व्ह्ज करून देतात, तेव्हा अक्षरांची चित्रं होतात, म्हणून कर्व्ह्ज न केलेली प्रत आपल्याकडे जपून ठेवायची. नाहीतर लेखकाच्या नावातली वेलांटी सुधारायला सगळं नव्याने टाइप करावं लागतं. कडेपर्यंत रंग किंवा चित्र जात असेल तर कापायच्या रेघेबाहेर तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा भाग, आणि रेघेच्या आत तितक्याच अंतरात कुठलाही मजकूर नको. छायाचित्रं छापायच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पडद्यावर लखलखीत दिसतो, पण पानभर छापला की पिठूळ होतो. मजकुराचा काळा हा निव्वळ काळ्या शाईचा १०० टक्के असावा. चार रंग मिसळून केलेला काळा बारीक अक्षरात आला आणि एक प्लेट केसभर सरकली, की प्रत्येक मात्रेला रंगीत सावली येते.

घरच्या किंवा कार्यालयाच्या प्रिंटरवर नमुना काढताना ‘फिट’ असा पर्याय आधीच निवडलेला असतो. प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर छापू शकत नाही, म्हणून पान ए-चारचं असेल तर तो ते अख्खं ९६-९७ टक्क्यांवर आणतो. बाराचं अक्षर साडेअकराचं होतं आणि ‘फारच बारीक वाटतंय’ म्हणून कोणीतरी फाइलमध्ये तेरा करायला सांगतं. ‘ॲक्चुअल साइज’ निवडून छापावं आणि पट्टीने ओळीची लांबी मोजावी. चार इंच भरली तर नमुना खरा.

सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) मॅपलिथो कागदावर पाठपोट छपाईत मागच्या ओळी थोड्या दिसतातच. दोन्ही बाजूंच्या ओळी एकावर एक आल्या तर हे खपून जातं, मध्ये आल्या तर पान मळकट वाटतं. त्यासाठी उपमथळ्याने घेतलेली एकूण जागा लेडिंगच्या पटीत हवी. सतराच्या पानावर उपमथळ्याला तीन ओळी, म्हणजे ५१ पॉइंट: वर जास्त, खाली कमी, पण बेरीज ५१ च. उतारे, कविता, तळटीपा संपल्यावरही मजकूर पुन्हा त्याच जाळीवर आला पाहिजे. इनडिझाइनमध्ये बेसलाइन ग्रिड १७ वर ठेवून हे आपोआप होतं, वर्डमध्ये बेरीज हाताने करावी लागते.

फर्म्यात पानं कशी बसतात हे छापखाना पाहतो, पण एक खूण माहीत असावी. पहिल्या फर्म्यात शेजारी छापलेल्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज १७ येते: १ शेजारी १६, ८ शेजारी ९. दुसऱ्या फर्म्यात ४९. प्लेटच्या आधी येणाऱ्या नमुन्यावर ही बेरीज जुळली नाही तर काम तिथेच थांबवावं. रंगीत पानं मध्येच टाकायची असतील तर तीही याच हिशेबाने, दोन फर्म्यांच्या मध्ये किंवा एका फर्म्याच्या बरोबर पोटात.

मुखपृष्ठ शेवटी, कारण त्याच्या पाठीची रुंदी कागदावर ठरते. २४० पानं म्हणजे १२० कागद. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर पाठ १२ मिलिमीटरची. पण त्याच जीएसएमचे दोन गिरण्यांचे कागद सारख्या जाडीचे असतातच असं नाही, एखादा फुगीर कागद पाठ दोन मिलिमीटरने वाढवतो आणि पाठीवरचं नाव मलपृष्ठावर ओघळतं. म्हणून छापायला आणलेल्याच कागदाची २४० पानांची कोरी डमी करून घ्यावी, ती दाबून मोजावी आणि मगच पाठीचा आकडा डिझायनरला कळवावा. ऐनवेळी कागद बदलला तर डमी पुन्हा.